मागणी कोणाला घालायची?

लग्नाविषयीची मराठी क्रियापदे एकदा ओळीने मांडून पाहावीत. मुलगी दाखवतात, पाहतात, पसंत करतात, देतात. वेळेत जमले तर उजवतात, लांबले तर खपवतात. ‘आम्ही अमक्यांची मुलगी केली’ असे सासरेबुवा अभिमानाने सांगतात. या सर्व वाक्यांत मुलगी हे कर्म आहे आणि कर्ता कोणीतरी वडीलधारा. मागणीसुद्धा घातली जाते ती तिच्या वडिलांकडे. ‘वाङ्निश्चय’ या भारदस्त शब्दात वाणी आहे, पण ती तिची नव्हे. त्यामुळे एखाद्या तरुणाला तिलाच विचारायचे झाले, की त्याच्यापाशी क्रियापद उरत नाही. ‘मी तिला प्रपोज करणार आहे’ असे तो म्हणतो आणि आपण भाषेच्या काळजीने नाक मुरडतो. जी कृती समाजाने कधी शिष्टसंमत मानली नाही तिला शब्द भाषेने कोठून आणावा?

हे सारे सुचण्याचे निमित्त घरगुती आहे. बडोद्यातील एका स्नेह्यांचा मुलगा मध्यंतरी माझ्याकडे आला. कुटुंब देशस्थ, चार पिढ्यांपूर्वी गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेले; घरात मराठी, बाहेर गुजराती. मुलगी गुजराती, वणकर समाजातली, त्याच्याच कचेरीत काम करणारी. दोघांची ओळख तीन वर्षांची. त्याला माझी गच्ची हवी होती. रविवारी संध्याकाळी तिला काही निमित्त सांगून तेथे आणायचे, दिव्यांच्या माळा लावायच्या, बारा मित्रमैत्रिणी टाकीआड लपून राहायच्या आणि त्याने अंगठी काढताच त्यांनी एकदम बाहेर येऊन टाळ्या वाजवायच्या, असा बेत होता. तिला यातले काही ठाऊक नव्हते. त्याच्या घरीही नव्हते. पण घरच्यांना न सांगण्याचे कारण वेगळे होते, हे उघड आहे.

बेताची कुणकुण त्याच्या मावशींना लागली. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, ही सिनेमातली थेरं. आपल्यात असं विचारतात का कधी?’ जातीविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हा अनुभव मला नवा नाही. सुशिक्षित मराठी घरात जातीवरून विरोध करणे आता लाजिरवाणे झाले आहे. म्हणून तो विरोध रीतीवरून केला जातो. मुलगी चांगलीच आहे, आम्ही जातपात मानत नाही, पण ही पद्धत बरी नव्हे! त्याच मुलाने मावशींच्या पसंतीच्या मुलीपुढे गुडघे टेकले असते, तर मावशींनीच त्याचे छायाचित्र नातेवाइकांना धाडले असते, याविषयी मला शंका नाही.

तरीही ‘आपल्यात असं विचारतात का’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असे मला वाटते. कारण तो चुकीचा आहे आणि त्याची चूक शिकण्यासारखी आहे. लग्न जमत नसलेल्या मुलीला आपल्या घरांतून कोणते पारायण सांगितले जाते? ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे. एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेला हा १८ प्रसंगांचा ग्रंथ आजही मुली पाटावर बसून वाचतात. त्यात काय आहे? विदर्भाच्या राजाची मुलगी आहे. थोरल्या भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न तिला मान्य नाही. घरात बोलून उपयोग नाही हे ओळखून ती एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला गुप्तपणे पत्र पाठवते आणि ज्याला तिने पाहिलेलेही नाही त्याला स्वतःच मागणी घालते. भागवताच्या दहाव्या स्कंधात हे पत्र सात श्लोकांचे आहे. त्यात नुसते प्रेम नाही, बेत आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनासाठी नगराबाहेर जाण्याची आमच्या कुळाची रीत आहे, तेव्हा तू तेथे ये, असे ती कळवते. स्थळ, वेळ आणि घरच्यांना चकवण्याची युक्ती, सर्व तिचेच. कुळाच्या रीतीचाच आडोसा करून कुळाचा निर्णय उलथवणारी अशी दुसरी नायिका शोधून सापडणार नाही. (पत्राच्या शेवटी ती प्राणत्यागाची भाषा करते, हे खरे, तेवढे मात्र आजच्या मुलामुलींनी घेऊ नये.)

एकनाथांच्याही आधी महानुभाव कवी नरेंद्राला याच विषयावर काव्य रचावेसे वाटले. म्हणजे मराठी काव्य बाल्यावस्थेत होते तेव्हापासून या मुलीने आपल्या कवींना झपाटले आहे. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे आपण तिचे माहेर मानतो आणि पंढरपुरात तिला आई म्हणतो. आणि तिचे पत्र भक्तिभावाने वाचणाऱ्या मुलीला पोथी मिटताक्षणी बजावले जाते, की उद्या पाहुणे येणार आहेत, पोह्यांच्या बशा नीट धर आणि विचारले तेवढेच बोल. पारायणाचे फळ असे, की जिने स्वतः विचारले तिच्या कृपेने आपल्याला न विचारता सर्व पार पडावे! परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती वाचलेली तरी असावी, एवढीच अपेक्षा आहे.

पोथी दूरची वाटत असेल तर अलीकडे यावे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताविना विवाह लावण्यास प्रारंभ झाला. १८८७ साली त्यांनी पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न सर्वांसमक्ष काढते आणि वराकडून तसे वचन घेते. आपल्या प्रचलित विधीतील ‘नातिचरामि’ हे वचनही वर कन्यादान करणाऱ्या वडिलांना देतो; वधू शेजारी उभी असते. या पार्श्वभूमीवर वधूच्या तोंडी प्रश्न घालणे ही केवढी क्रांती होती, हे ध्यानात येईल. ‘तुला मान्य आहे का’ हा प्रश्न हॉलिवूडहून आला असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याचा इतिहास चाळावा. हिऱ्याची अंगठी मात्र खरोखरच बाहेरची आहे. हिरा म्हणजे चिरंतन प्रेम हे समीकरण एका हिरे कंपनीच्या १९४७ सालच्या जाहिरातवाक्याने जगभर रुजवले, आणि बडोद्याहून जवळच असलेल्या सुरतेत जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांपैकी किती जणांना ती अंगठी परवडेल, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

न विचारण्याची किंमत काय असते, हेही आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी लावून दिले गेले. पुढे त्यांनी नांदायला नकार दिला. १८८४ साली पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, परंतु अपिलानंतर १८८७ साली पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार होत्या. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. त्या खटल्यात शास्त्र, रूढी आणि इंग्रजी कायदा यांचा अपार ऊहापोह झाला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: मला कोणी विचारले नव्हते. लग्न हे दोन कुटुंबांचे असते, असे जे वारंवार ऐकवले जाते त्याला माझा विरोध नाही. कुटुंबांना जरूर विचारावे, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कोणाला विचारायचे, एवढाच हा वाद आहे. आणि ज्यांना क्रम बदलायला नको आहे, त्यांना खरी भीती आश्चर्याची नसून उत्तराची आहे. ज्याला विचारले जाते तो नाही म्हणू शकतो.

येथे मला मावशींची बाजू सोडून त्यांच्या भाच्याकडे वळले पाहिजे. कारण त्याचा बेतही मला मान्य नव्हता. टाकीआड लपलेले बारा जण कशासाठी? ते टाळ्या वाजवणार म्हणजे उत्तर काय येणार हे ठरलेलेच. सभोवती हसरे चेहरे, कोणाच्या तरी हाती चालू कॅमेरा, समोर गुडघ्यावर बसलेला, खरोखरच आवडणारा मुलगा: अशा वेळी ‘मला विचार करू दे’ म्हणण्याइतके धैर्य किती जणींपाशी असेल? मी त्याला म्हटले, तुझ्या गच्चीत आणि तुझ्या आजीच्या पोह्यांच्या कार्यक्रमात मला फरक दिसत नाही. तिथेही मंडळी जमत आणि मुलगी मान खाली घालून बसे; इथे ती मान वर करून हसेल, एवढेच. साक्षीदारांसमोर विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, तो समारंभ असतो. त्याला राग आला. त्याने आणखी एक गोष्ट सोयीने विसरली होती: या लग्नात त्याला काय गमवावे लागेल याचा त्याने हिशेब केला होता, तिला कोणत्या स्वयंपाकघरात पाऊल टाकावे लागेल, तिथे तिच्या हातचे पाणी कोण घेईल, तिचे आईवडील कोणत्या खोलीत बसवले जातील, याचा विचार तिला एकटीला आणि शांतपणे करता आला पाहिजे. त्यासाठी दिव्यांच्या माळा उपयोगाच्या नाहीत. वेळ आणि स्थळ यांनी तिला खुशाल चकित करावे. विषयाने करू नये.

पुन्हा हा एकांत एकदाच मिळायचा. कारण दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे ठरवले, तर १९५४ पासून कायदाच त्यांचे गुपित फळ्यावर लावत आला आहे. दोघांपैकी एकाने तरी जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे, विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी, ती कचेरीत ठळक जागी लावली जावी आणि ३० दिवस कोणालाही हरकत घेता यावी, अशी त्याची रचना. हरकतीची कारणे कायद्याने मर्यादित केली आहेत; पण मुलीच्या भावाला किंवा गावच्या टोळक्याला हरकत घ्यायची नसतेच, त्यांना फक्त पत्ता हवा असतो. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने नोटिसा घरी धाडण्यास मनाई केली. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवले. महाराष्ट्र शासनाने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. मूळ आदेशात आंतरजातीय विवाहही होते, टीका झाल्यावर ते वगळले. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवले आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत स्वतः नोंदणी विवाह केला. त्यांच्या तसबिरीखाली बसून असे आदेश काढले जातात. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ सालीच बालविवाहाला कायद्याने आळा घातला, तेथेही माझ्या या तरुण मित्राला नोटिशीच्या फळ्याची धास्ती आहे.

गच्ची मी दिली नाही. पंधरा दिवसांनी त्याने सयाजीबागेत, सकाळी साडेसातला, एकट्यानेच तिला विचारले. अंगठीही नेली नव्हती. ती चकित झाली, पण हो म्हणाली नाही. तिने आठ दिवस मागून घेतले. मावशींना हे कळले तेव्हा त्या पहिल्यांदाच मनापासून बोलल्या: ‘आपल्या मुलाला ती आठ दिवस तिष्ठत ठेवते?’ नवव्या दिवशी तिने त्याला घरी जेवायला बोलावले आणि होकार दिला तो दोन अटींवर: ती आडनाव बदलणार नाही, आणि नोटीस देण्यापूर्वी त्याच्या आईने तिच्या घरी येऊन पंक्तीला बसावे. आडनावाची अट त्याने तिथल्या तिथे मान्य केली. नोटिशीचा अर्ज भरून त्याच्या टेबलाच्या खणात ठेवलेला आहे. आई अजून गेलेल्या नाहीत.