परीचा झगा आणि गॅसचा दिवा

फॅशनच्या इतिहासात पुरुषवर्गाने स्वतःसाठी एक फार सोयीस्कर जागा राखून ठेवली आहे. ती म्हणजे प्रेक्षकांतली पहिली रांग. तिथे बसून आधी 'वाहवा!' म्हणायचं, आणि काही विपरीत घडलं की मान हलवून 'नटण्याची हौस, दुसरं काय!' असं म्हणायचं. दोन्ही कामं एकाच खुर्चीतून होतात. उठावंसुद्धा लागत नाही.

'बायकांना नटण्यापुढे जिवाची पर्वा नसते' हा सिद्धान्त मी इतक्या सद्गृहस्थांच्या तोंडून, तोही जेवणानंतर सुपारी कातरताना, ऐकला आहे की त्याचा एकदा समाचार घेणं भाग आहे. त्यासाठी मी पॅरिसला जाणार आहे. कागदावरच. प्रत्यक्ष जायचं तर आधी घरी विचारावं लागेल.

एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा तिथल्या उच्चभ्रू बायका पांढऱ्या मलमलीत वावरत होत्या. कंबर थेट छातीखाली आणि तिथून खाली सरळ पडणारा झिरझिरीत झगा. सगळं जुन्या ग्रीक पुतळ्यांसारखं. मलमल जितकी तलम तितकी मालकीण थोर, आणि सगळ्यांत थोर मलमल आपल्या ढाक्याची. आता ढाक्याच्या उकाड्यात विणलेलं कापड पॅरिसच्या जानेवारीत अंगावर घालायचं म्हणजे काय ते समजून घ्या. पुतळ्यांना सर्दी होत नाही, हा तपशील फॅशनवाल्यांच्या लक्षात राहिला नसावा.

पुढे १८३०च्या सुमाराला वारं फिरलं. कंबर आपल्या मूळ गावी परतली आणि कॉर्सेटने ती आवळून धरली. झग्याचा घेर वाढला आणि बाह्या तर अशा फुगल्या, की फ्रेंचांनीच त्यांना मेंढीच्या तंगडीचं नाव दिलं. अशी बाई दारातून आत येताना आधी उजवी बाही यायची, मग ती स्वतः आणि शेवटी डावी बाही.

रस्त्यावरची बाई अशी भरगच्च झाली, आणि नेमकं तेव्हाच रंगमंचावर बिनवजनाची बाई अवतरली. १२ मार्च १८३२ या दिवशी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. सिल्फीद म्हणजे हवेतली परी. नाचणारी मारी तालिओनी, नाच बसवणारा तिचाच बाप फिलिप्पो. अंगावर घंटेच्या आकाराचा पांढराशुभ्र, पारदर्शक झगा, पाठीवर इवलेसे पंख. ती पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिली आणि पॅरिस वेडं झालं. ही मुलगी जमिनीला टेकतच नाही, असं जो तो म्हणू लागला.

टेकत होती हो! चांगली टेकत होती. पायात साधे साटिनचे बूट, टोकाशी दोऱ्याने रफू करून घट्ट केलेले. आजच्यासारखं आत टणक ठोकळ्याचं टोक नव्हतं. जो काय आधार होता तो बोटांच्या हाडांचा. १८२२ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा रंगमंचावर आली. त्याआधी बापाने तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली होती. वजन नसल्यासारखं दिसायला किती वजनदार काम करावं लागतं, ते त्या घोट्यांना ठाऊक.

प्रेक्षकांना मात्र ती वाफेचीच हवी होती. तिच्या नावाचं मग जे पीक आलं, त्यात एक नग लाजवाब आहे. पुरुषांच्या एका ओव्हरकोटाला 'तालिओनी' हे नाव मिळालं. म्हणजे बघा, ज्या मुलीने झिरझिरीत कापडात नाचून नाव कमावलं, तिचं नाव कशाला, तर साहेबाला थंडी वाजू नये म्हणून शिवलेल्या जाड कोटाला! हौसेच्या वाटणीत कुणाच्या वाट्याला काय आलं, ते या एका कोटात सगळं आलं.

त्या बॅलेची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. जेम्स नावाचा स्कॉटिश तरुण परीच्या नादाने भर लग्नातून निघून जातो. ती हातची जाऊ नये म्हणून चेटकिणीने दिलेली ओढणी तिच्याभोवती गुंडाळतो. लगेच परीचे पंख गळून पडतात आणि ती मरते. ओढणी तिने मागितली नव्हती. तिच्या अंगावर घातली ती तिच्या भक्ताने.

आता रंगमंचावरच्या उजेडाकडे या. तो होता गॅसचा. झिरझिरीत पांढऱ्या कापडावर चांदणं पडल्याचा भास या दिव्यांनीच होई. ज्योती उघड्या, विंगेत आणि रंगमंचाच्या कडेला. कापड असं, की ज्योतीने नुसतं हुंगलं तरी पेट घ्यावा. १८४४च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रूरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर ही नर्तकी भर प्रयोगात पेटली आणि तीन दिवसांनी गेली. तिच्या आगेमागे आणखीही गेल्या.

उपाय निघाला नाही असं नाही. झगे तुरटी वगैरेच्या द्रावणात बुडवायचे, म्हणजे पेटत नाहीत. फ्रान्समध्ये १८५९ साली तसं फर्मानच सुटलं. पण भिजवलेला झगा कडक व्हायचा आणि मळकट दिसायचा. परी एकदम खळ घातलेल्या चादरीसारखी दिसू लागायची. एमा लिव्री या मुलीने तो घालायचं नाकारलं. १८६० साली तिने तसं लेखी कळवलं आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. १५ नोव्हेंबर १८६२ला एका ऑपेराच्या तालमीत विंगेतल्या गॅसच्या दिव्यावर तिचा झगा पेटला. भूमिका मुक्या मुलीची होती. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. वय विशीच्या आसपास.

इथे आमचे सुपारीवाले सद्गृहस्थ टाळी मागणार. 'बघा! लेखी पुरावा! म्हणत नव्हतो?'

थांबा. ही मुलगी १८५८ साली, सोळाव्या वर्षी, ऑपेरात पहिल्यांदा नाचली ती याच परीच्या भूमिकेत. खुद्द म्हाताऱ्या तालिओनीने तिला शिकवलं. वाफेसारखं दिसणं ही तिची हौस नव्हती, नोकरीची अट होती. मळकट परीला काम कोण देणार? दुर्बिणी रोखून बसलेले वर्गणीदार? नाच संपल्यावर नर्तकींच्या सरावाच्या दालनात शिरायची मुभाही ज्यांना होती, ते?

आणि मुख्य प्रश्न पुढेच आहे. सगळी अक्कल झग्याच्या मागे का लागली? झगा भिजवा, झगा बदला, झगेवालीकडून लिहून घ्या. दिव्याकडून कुणी काही लिहून घेतलं? हंफ्री डेव्हीने १८१५ सालीच खाणकामगारांसाठी ज्योतीभोवती तारेची जाळी बसवलेला दिवा तयार केला होता. विद्या उपलब्ध होती. पण खाणीत जाळी दिव्याला होती आणि थिएटरात ती मुलीच्या अंगावर!

१८७३च्या ऑक्टोबरात ते ऑपेराचं थिएटरही जळून खाक झालं. त्या वेळी इमारतीला कुणी 'नटवी मेली' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याकडेही एके काळी स्टोव्हचा भडका उडून घरातली बाई भाजली, की जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न असे, 'नायलॉनची साडी कशाला नेसली होती?' स्टोव्ह कुणी आणला, त्याचा वॉशर कधी बदलला, आणि कधीकधी तर तो भडका खरोखर स्टोव्हचाच होता का, हे प्रश्न रांगेत मागे उभे राहत आणि त्यांचा नंबर येईपर्यंत मंडळी पांगलेली असत.

तेव्हा सद्गृहस्थहो, बायकांच्या नटण्यावर जरूर बोला. सुपारीही खा. मात्र त्याआधी एवढं सांगा, की दिवा कुठे ठेवला होता, तो कुणी ठेवला होता, आणि त्याच्या उजेडात पहिल्या रांगेत बसून बघत कोण होतं?