कुटाराला काडी लावण्याआधी



सोयाबीनची सोंगणी झाली, थ्रेशर वावरात लागलं. पोती घरी येतात आणि कुटाराचा ढीग धुऱ्यावर राहतो. हरभऱ्यासाठी वावर मोकळं करायची घाई असते, म्हणून त्याला काडी लागते. नाहीतर पहिला गाडीवाला म्हणेल त्या भावात तो निघून जातो. मग एप्रिल-मे मध्ये आपणच बकऱ्यांसाठी ढेपीचं पोतं उधारीवर आणतो. ज्याला तेही जमत नाही, तो हाडं निघालेली बकरी बाजारात पडेल त्या भावात देऊन टाकतो.

आजचा मेसेज हवामानाचा नाही, भावाचाही नाही. आज एक मत मांडायचं आहे. पटलं तर करा, नाही पटलं तर सांगा. मत असं की बकऱ्या-मेंढ्यांचा स्वस्त आणि कसदार चारा आपल्याच वावरात आणि धुऱ्यावर आहे. आपण तो मोजत नाही, म्हणून तो जळतो.

फोनवर अझोल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. "प्रथिनं २० ते २५ टक्के" असं त्यात सांगतात. ते खोटं नाही, पण तो आकडा वाळलेल्या अझोल्याचा आहे. ओल्या अझोल्यात शंभरात ९३-९४ भाग पाणीच असतं. शिवाय आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात, जेव्हा चाऱ्याची खरी ओढ असते, तेव्हा सावली आणि भरपूर पाणी नसेल तर तो टिकत नाही. ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांनी जरूर करावा. पण त्याच्या भरवशावर कुटार जाळू नये.

*एक किलो चाऱ्यात प्रथिनं किती? (जसा खाऊ घालतो तसा, अंदाजे)*

▪️ ओला अझोला: १५ ग्रॅम
▪️ गव्हांडा: २५ ते ३० ग्रॅम
▪️ ज्वारीचा कडबा: ३० ते ३५ ग्रॅम
▪️ सोयाबीन कुटार: ४० ते ५० ग्रॅम
▪️ हरभरा कुटार: ४५ ते ५५ ग्रॅम
▪️ तूर कुटार, पान-टरफलासह: ६० ते ८० ग्रॅम
▪️ सुबाभळीचा ओला पाला: ६० ते ७० ग्रॅम
▪️ बाभळीच्या वाळल्या शेंगा: १०० ते १२० ग्रॅम
▪️ सरकी ढेप: २०० ग्रॅमच्या आसपास

जमीन, वाण आणि मळणी यांवर हे आकडे थोडे वरखाली होतात. पण क्रम लक्षात ठेवा. ज्या तुरीच्या कुटाराला आपण कचरा म्हणतो, ते कडब्याच्या दुप्पट कसदार आहे.

आता ढेपीचा हिशोब करू. पोत्याचा भाव पाहू नका, प्रथिनांचा भाव काढा. समजा ढेप ४० रुपये किलो पडली. किलोत प्रथिनं २०० ग्रॅम, म्हणजे प्रथिनांचा किलो पडला २०० रुपयांना. तुरीचं कुटार ४ रुपये किलो धरलं आणि त्यात ७० ग्रॅम प्रथिनं, तर तोच किलो पडतो ५७ रुपयांना. कुटार जाडंभरडं असतं, त्यातलं ढेपीइतकं पचत नाही, हे खरं. निम्मंच पचलं असं धरलं तरी ते स्वस्त पडतं. तुमच्या गावच्या भावानं हा हिशोब स्वतः करून पाहा.

मग ढेप बंद करायची का? नाही. ती कोणाला आणि कधी द्यायची ते ठरवायचं. गाभण बकरीला शेवटचा दीड महिना आणि पिल्लं पाजणारीला रोज २०० ग्रॅमच्या आसपास ढेप किंवा तुरीची चुनी द्या. भाकड जनावराला कुटार आणि पाला पुरतो. आज आपण उलट करतो. असली की सगळ्यांना मूठ-मूठ, आणि नेमकी विण्याच्या वेळी पोतं रिकामं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. नुसत्या सोयाबीन कुटारावर बकरी जगत नाही. सुक्या चाऱ्यात प्रथिनं शंभरात सातच्या खाली गेली की तिच्या मोठ्या पोटातले जिवाणू उपाशी पडतात. चारा पचायला वेळ लागतो आणि ती कमी खाते. पोट फुगीर दिसतं आणि पाठ मात्र खंगत जाते. म्हणून कुटारासोबत झाडाचा पाला हवाच. शेवरी, बोर, सुबाभूळ, अंजन, शेवगा, जे धुऱ्यावर असेल ते.

सुबाभूळ एके काळी आजच्या अझोल्यासारखीच गाजली होती. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं उरुळीकांचनहून तिचा मोठा प्रसार केला. मग तिच्या पाल्यातल्या मिमोसिनमुळं जनावरांचे केस गळतात असं दिसलं आणि लोक तिला नावं ठेवू लागले. दोन्ही टोकं चुकीची. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त दिली नाही, तर सुबाभूळ हा उत्तम पाला आहे. बाभळीच्या शेंगांचंही तसंच आहे. त्या भरडून द्या, नाहीतर कडक बी तसंच लेंडीतून बाहेर पडतं आणि कस वाया जातो. आणि थोड्याच द्या, कारण त्यातला तुरटपणा जास्त झाला की पचन बिघडतं.

*३० किलोच्या बकरीला रोज:*
✅ मिश्र कुटार पाऊण किलो
✅ ओला पाला एक किलो, त्यात दोन-तीन झाडांची मिसळ
✅ मीठ-खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी

पाच बकऱ्यांना फेब्रुवारी ते जून, १५० दिवसांसाठी साडेपाच-सहा क्विंटल कुटार लागतं. बकरी काड्या सोडून पान-टरफल वेचून खाते, म्हणून सात क्विंटल धरा. एक-दीड एकराच्या सोयाबीनमध्ये एवढं कुटार सहज निघतं. आज ताडपत्रीखाली गंजी लावायची मेहनत अर्ध्या दिवसाची आहे. जानेवारीत तूर निघाली की तिचं कुटार वेगळं ठेवा, ते विणाऱ्या बकऱ्यांसाठी. उरलेलं कुटार वावरात कुजवा, जमिनीला लागतंच. फक्त आगीत घालू नका.

*काळजी घ्या:*

⚠️ परतीच्या पावसात भिजून काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं कुटार देऊ नका. गाभण बकरीला तर मुळीच नाही. ते खतात घाला.

⚠️ शेवटची वेचणी झाल्यावर कपाशीत बकऱ्या-मेंढ्या चारणं चांगलंच. उरलेल्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी त्यानं कमी होते. पण फवारणीच्या दिवसांत कपाशीचा पाला, तणाचं गवत, शेजारच्या धुऱ्यावरचा पाला काहीही आणू नका. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं गेली. जे विष माणसाला सोडत नाही, ते बकरीला काय सोडणार? मेंढपाळाला वावरात मेंढ्या बसवायला बोलावलं, तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली ते त्याला आधी सांगा.

⚠️ सरकी ढेप कोवळ्या पिल्लांना देऊ नका, पैदाशीच्या बोकडालाही जास्त देऊ नका.

⚠️ चारा एकदम बदलू नका. आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा बदला.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक घरांत बकऱ्या बाई सांभाळते आणि फोन माणसाच्या खिशात असतो. कोणती बकरी काय खाते, कोणती खंगली, कोणाचं दूध आटलं, हे तिला माहीत आहे. पण ढेप कधी आणायची आणि कुटार विकायचं की जाळायचं, हे तिला विचारलं जात नाही. म्हणून दादा, हा मेसेज घरी मोठ्यानं वाचून दाखवा. आणि थ्रेशर वावरातून निघायच्या आधी तिला विचारा, "यंदा किती कुटार ठेवायचं?"

ती सांगेल तो आकडा या नंबरवर कळवा. व्हॉइस मेसेज केला तरी चालेल. कोणाकडं कुटार जास्त आणि कोणाकडं बकऱ्या जास्त, हे कळलं तर गावातल्या गावात देवाणघेवाण लावून देता येईल. ते कुटार भट्टीत जाण्यापेक्षा शेजारच्या कोठ्यात गेलेलं बरं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी