चौदा खळगे, सत्तर चिंचोके

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. एकंदर चोवीस लेण्यांपैकी अकराव्या लेण्यात ऋषभदेवांची मूर्ती असल्याने जैन कुटुंबांची पावले तिकडे वळतातच. दर्शन घेताना नजर समोर असते; पायाखालच्या दगडाकडे सहसा कुणी पाहत नाही. या लेण्यांच्या परिसरात खडकावर वाटीच्या आकाराचे लहान खळगे दोन समांतर ओळींत कोरलेले आढळतात. तो एका खेळाचा पट आहे. अभ्यासक त्याला ‘मंकला’ म्हणतात. हा शब्द अरबीतील, ‘नकल’ म्हणजे हलविणे या धातूवरून आलेला. तमिळनाडूत याच जातीच्या खेळाला पल्लांकुळी, कर्नाटकात अळिगुळिमणे म्हणतात. आफ्रिकेत तर त्याचे अनेक प्रकार आजही चावडीवर रंगतात.

खडकातला प्रत्येक खळगा पट नसतो. काही खळगे खांब रोवण्यासाठी, काही कुटण्यासाठी केलेले असतात. सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावरचे खळगे दोन ओळींत आले आणि दोन्ही बाजूंना माणूस बसू शकेल एवढी सपाट जागा असली, तरच तो पट मानावा. लेणे दोन हजार वर्षांचे म्हणून पटही तितकाच जुना, असेही ठरविता येत नाही. पावसात अडकलेला वाटसरू किंवा दुपारच्या उन्हात टेकलेला गुराखी, कोणत्याही शतकात कुणीही तो कोरू शकला असता.

याच डोंगरावरचे हिशेब मात्र पक्के आहेत. दहाव्या लेण्यातील शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. मुद्दल अबाधित, वाटणी बरोबर. पेढीवर बसणाऱ्याला हा लेख वाचून आनंद व्हावा.

खेळही मोजणीचाच आहे. त्यात फासा नाही, कवड्यांचे दान नाही. द्यूताला सात व्यसनांत पहिले स्थान देणाऱ्या घरांतही तो निःशंकपणे मांडता येईल. दक्षिणेकडील एक रूढ पद्धत अशी: दोघे समोरासमोर बसतात. प्रत्येकापुढे सात खळगे, प्रत्येक खळग्यात पाच चिंचोके. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या एखाद्या खळग्यातील सर्व चिंचोके उचलून आपल्या उजव्या हाताच्या दिशेने पुढच्या खळग्यांत एकेक पेरत जावे. आपली ओळ संपली की समोरच्याच्या ओळीत शिरावे आणि तिकडून फिरून परत यावे. हातचा शेवटचा चिंचोका पडला की लगतच्या पुढील खळग्यातील सर्व उचलून पेरणी चालू ठेवावी. तो पुढील खळगा रिकामा असेल तर त्यापलीकडच्या खळग्यातील सारा ऐवज आपला, आणि पाळी संपली. लागोपाठ दोन रिकामे आले तर हाती काहीच नाही.

उदाहरणच घ्यावे. आपल्या डावीकडून मोजणी सुरू केली तर आपले खळगे एक ते सात, समोरच्याचे आठ ते चौदा. पहिली चाल एक क्रमांकातून केली, तर पेरणी सातव्यावर, तेथून तेराव्यावर, मग पाचव्यावर आणि बाराव्यावर पोहोचते. बाराव्यातील सहा चिंचोके चौथ्या खळग्यात संपतात. पाचवा रिकामा झालेला असतो; म्हणून सहाव्यातील सात चिंचोके पदरात पडतात. आपल्याच अंगणातून उचलले हे खरे, पण आता ते कुणी घेऊ शकत नाही.

आणखी एक नियम आहे, आणि खेळाची खरी गंमत त्यातच आहे. पेरता पेरता एखाद्या खळग्यात नेमके चार चिंचोके झाले, तर त्या खळग्याच्या मालकाने ते तत्काळ उचलावेत. तमिळमध्ये या चौकडीला ‘पसु’, म्हणजे गाय, म्हणतात. पेरणारा समोरचा असला तरी गाय मालकाची. त्यामुळे दुसऱ्याची पाळी चालू असताना डोळे मिटून बसणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

एका बाजूचे चिंचोके संपले की फेरी संपते आणि उरलेले समोरच्याचे होतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने स्वतःच्या कमाईतूनच आपले खळगे भरायचे. एकाकडे बेचाळीस आणि दुसऱ्याकडे अठ्ठावीस असतील, तर पहिल्याचे सातही भरून सात चिंचोके शिलकीत राहतात. दुसऱ्याचे पाचच भरतात, तीन हातात उरतात, आणि दोन खळगे बंद होतात. बंद खळग्यात कुणी पेरायचे नाही, ते ओलांडून जायचे. एकही खळगा भरू न शकणारा हरला. पण दोन गाळे बंद पडलेला खेळाडू गायी राखून पुढच्या फेरीत ते पुन्हा उघडतो, असेही घडते. मुलांनी पहिल्या फेरीनंतर डाव मोडू नये तो यासाठीच.

लाकडी पट नसला तर चौदा वाट्या पुरतात. लेण्यातील कोरीव पटावर मात्र खेळू नये, त्यात खडू किंवा रंगही भरू नये. अनेक खळग्यांचे काठ पावलांनी झिजत चालले आहेत, आणि ज्यांच्या कडा बुजल्या ते पट पुढे ओळखूही येणार नाहीत. पाहावेत, ओळी मोजाव्यात, छायाचित्र घ्यावे आणि डाव घरी मांडावा.