अर्धी तलवार

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की घरातल्या निरुपयोगी वस्तू मागच्या खोलीत नेऊन ठेवतात. यंदा त्यांत मीही होतो. थोड्या वेळाने आमचा नातू तिथे आला, पण तो स्वखुशीने. त्याला निवांतपणे सिनेमा बघायचा होता.

"आजोबा, जुना चिनी सिनेमा आहे. तलवारबाजीचा. रक्तबिक्त आहे बरं का! झेपेल ना?"

"लाव," मी म्हणालो. "बाजीप्रभूची गोष्ट ऐकत जेवलेला माणूस आहे मी."

खरे सांगायचे तर मी डुलकी काढायच्या बेताने बसलो होतो. चिनी मारामारीचे सिनेमे म्हणजे हू-हा करीत छपरावर उड्या मारणारी माणसे, एवढीच माझी कल्पना. पण पहिल्या पाच मिनिटांतच मी चष्मा पुसून पुन्हा लावला.

हा सिनेमा 1967 सालचा, हाँगकाँगच्या शॉ बंधूंच्या कंपनीने काढलेला. इंग्रजी नाव 'वन-आर्म्ड स्वॉर्ड्समन', मूळ चिनी नाव 'दू बी दाओ', म्हणजे एका हाताची तलवार. चिनी लोकांत तलवारीच्या दोन मुख्य जाती : दुधारी ती 'ज्यान' आणि एकाच बाजूला धार असलेली, थोडी वाकडी, ती 'दाओ'. या कथेतली तलवार दाओ आहे, आणि तीही मोडकी.

ती मोडते त्या प्रसंगापासूनच कथा सुरू होते. ची रुफेंग नावाचा एक नामांकित तलवारबाज आहे. त्याच्यावर शत्रू चालून येतात आणि त्याचा नोकर आडवा होतो. वार झेलता झेलता नोकराची तलवार मधोमध तुटते, अंगाची चाळण होते, पण मालक वाचतो. मरताना नोकर एकच मागणे मागतो : माझ्या पोराला पदरी घ्या, त्याला तुमची विद्या द्या. मालक कबूल करतो. पोराच्या वाट्याला बापाची म्हणून राहते ती ती अर्धी तलवार.

इथे एखादा साधा दिग्दर्शक 'धन्य ते इमान' म्हणून पुढच्या मारामारीकडे वळला असता. चांग छेह वळत नाही. तो आपल्याला त्या इमानाचे बिल दाखवतो. मुलगा मोठा होतो, त्याचे नाव फांग गांग. गुरू खरोखर चांगला आहे, शब्दाला जागणारा आहे, मुलावर त्याची मायाही आहे. पण शाळेतले दुसरे शिष्य पैसेवाल्या घरचे. त्यांच्या लेखी हा नोकराचा पोरगा तो नोकराचा पोरगाच. विद्येत तो त्यांच्यापेक्षा सरस, हे तर आणखीच वाईट! तो मुकाट्याने लाकडे फोडतो. गुरूची लाडावलेली मुलगी पेइ-एर त्याच्याभोवती घोटाळते, आणि तो लक्ष देत नाही म्हणून चिडते. आपल्यामुळे गुरूच्या घरात धुसफूस नको, असे ठरवून फांग गांग एका रात्री घर सोडतो. बाहेर बर्फ पडत असते. वाटेत ते शिष्य आणि ती मुलगी त्याला अडवतात. मुलगी झुंज मागते, तो हातात शस्त्र न घेता तिला हरवतो, आणि हरलेली पोरगी रागाच्या एका झटक्यात तलवार चालवते. त्याचा उजवा हात खांद्यापासून तुटून पडतो.

"बापरे!" नातू म्हणाला. हा प्रसंग त्याला ठाऊक होता, तरी म्हणाला.

मला त्या क्षणी दुसरेच जाणवले. बापाने या घरासाठी जीव दिला, मुलाचा हात याच घराने तोडला. आणि तोडला तो शत्रूने नव्हे, वैराने नव्हे, लाडावलेल्या मुलीच्या फुगलेल्या नाकाने. आई-बापांनी दिलेले शरीर जसेच्या तसे राखणे ही पितृभक्तीची पहिली पायरी, अशी चिनी लोकांची फार जुनी शिकवण. तेव्हा हात जाणे ही त्यांच्या दृष्टीने नुसती जखम नाही, आई-बापांच्या ठेवीला लागलेला बट्टा आहे.

रक्तबंबाळ होऊन तो पुलावरून खाली पडतो तो एका नावेत. नाव असते श्याओमान नावाच्या शेतकरी मुलीची. ती त्याला घरी नेते, शुद्धीवर आणते, जगवते. तिच्या घरात शस्त्रविद्येची एक जळकी पोथी आहे. तिचा बापही तलवारीपायीच गेलेला. आईने ती पोथी चुलीत घातली होती, पोरीने अर्धी वाचवली. योगायोग असा की वाचलेल्या भागात डाव्या हाताची विद्या आहे. आता योगायोग म्हटला की आपण नाक मुरडतो. पण डावा हात, अर्धी पोथी आणि अर्धी तलवार यांचे असे काही जमून येते की तक्रार करावीशी वाटत नाही. पुऱ्या लांबीची तलवार त्या एका हाताला अवजड झाली असती. बापाची मोडकी मात्र हाताला बसते.

श्याओमान ती पोथी त्याला सहजासहजी देत नाही, हे मला फार आवडले. तिने आपल्या घरात तलवारीचे फळ पाहिलेले असते. तिला हवा असतो शेत नांगरणारा नवरा. पण हात गमावलेला माणूस आतून कसा विझत जातो हेही तिला दिसते, आणि ती पोथी काढून त्याच्या पुढ्यात ठेवते. तलवारीचा एक वारही न झेलता केलेला हा त्याग. सिनेमाच्या नावात त्याचा उल्लेख नाही.

इकडे गुरूचा जुना वैरी जागा झालेला असतो. त्याने एक पकड तयार केलेली असते. गुरूच्या शिष्यांची तलवार त्या पकडीत अडकली की हलत नाही, आणि मग आखूड पात्याने त्याला भोसकायचे. गुरूच्या पंचावन्नाव्या वाढदिवसासाठी गावोगावचे शिष्य निघालेले असतात, ते वाटेतच एकामागून एक पडतात. मला हे दुष्टांचे डोके पटले. विद्या कितीही मोठी असो, ती सगळ्यांना एकाच साच्यातून शिकवली की एक कुलूप सगळ्यांना पुरते. फांग गांगची तलवारच तोकडी. पुरी तलवार ज्या पकडीत सापडते, तिच्यात अर्धी सापडत नाही.

फांग गांग आधी पेइ-एरला वैऱ्यांच्या तावडीतून सोडवतो. हो, जिने हात तोडला तिलाच! मग गुरूच्या घरी जातो, वैऱ्याला मारतो आणि घर वाचवतो. गुरू त्याला राहा म्हणतो. आता ती सगळी शाळा त्याची होऊ शकते. तो नाही म्हणतो आणि श्याओमानबरोबर शेती करायला निघून जातो.

हाँगकाँगच्या पेठेत दहा लाख डॉलरांचा गल्ला जमवणारा तिथला पहिला चित्रपट म्हणून याची ख्याती आहे. तोवर त्या मंडळींच्या तलवारपटांत नायिकांचा भाव वधारलेला असे. आदल्याच वर्षी, 1966 साली, 'कम ड्रिंक विथ मी' या चित्रपटात चेंग पेइ-पेइ नावाच्या नटीने तलवार गाजवली होती. चांग छेहला पडद्यावर पुरुष हवा होता, आणि तोही जखमी. त्याचा नट जिमी वांग यू हा मूळचा पोहणारा गडी. या एका चित्रपटाने तो अफाट लोकप्रिय झाला. ज्या वर्षी लोक या हात तुटलेल्या नोकराच्या पोराला बघायला गर्दी करीत होते, त्याच वर्षी हाँगकाँगात ब्रिटिश सरकारविरुद्ध दंगली उसळल्या होत्या आणि रस्त्यांत बाँब फुटत होते. माणसे तिकीट कशासाठी काढतात ते कुणी सांगावे!

पण मला खरी गंमत वाटली ती पुढेच. 1967 मध्येच चांग छेहने याच नटाला आणि श्याओमान झालेल्या च्याओ च्याओ याच नटीला घेऊन 'दि असॅसिन' नावाचा दुसरा चित्रपट काढला. त्याची कथा जुनी, दोन हजार वर्षांपूर्वी सिमा च्येन या इतिहासकाराने लिहून ठेवलेली. न्ये जंग नावाचा वीर कसायाचा धंदा करून आईला पोसत असतो. एक सरदार त्याच्या आईच्या वाढदिवसाला सोन्याचा नजराणा घेऊन येतो. त्याला आपल्या वैऱ्याचा काटा काढायचा असतो. न्ये जंग सोने परत करतो आणि म्हणतो की आई जिवंत आहे तोवर हे शरीर दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. पुढे आई जाते, सुतक सरते, बहीण सासरी गेलेली असते. मग तो आपणहून त्या सरदाराकडे जातो, एकटा वैऱ्याच्या वाड्यात घुसून त्याला ठार करतो आणि स्वतःचा चेहरा विद्रूप करून मरतो. बहिणीला कुणी ओळखून छळू नये, म्हणून. बहीण मात्र त्या ठिकाणी येते, हा माझा भाऊ म्हणून सगळ्यांदेखत सांगते आणि तिथेच प्राण सोडते. त्याचे नाव बेपत्ता राहू नये, म्हणून.

म्हणजे एकाच वर्षात त्या दिग्दर्शकाने इमानाचे दोन हिशेब मांडले. एकात मानाच्या एका भेटीचे मोल जिवाने चुकवले जाते. दुसऱ्यात बापाच्या जिवाचे, गुरूच्या अन्नाचे आणि विद्येचे ऋण मानून मुलगा एकदा मोठे काम करतो आणि 'आता येतो' म्हणून निघतो. पुढे चांग छेहच्या नायकांपैकी कितीतरी जण आतडी बाहेर येईपर्यंत लढले आणि उभ्याउभ्या मेले. टाळ्याही पुष्कळ पडल्या. तरी मला विचाराल तर त्याचा सर्वांत धीट नायक हा घरी जाणारा. मरण्यापेक्षा गुरूला नाही म्हणणे अवघड असते.

सिनेमा संपला तेव्हा दाराशी आमची सौ. केरसुणी हातात धरून उभी होती. शेवटचा अर्धा तास तिने उभ्यानेच पाहिला होता.

"आणि तो लढायला गेला तेव्हा ती पोरगी काय करीत होती?" तिने विचारले.

"वाट बघत होती."

"वाटलंच," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सासूबाईंनी हा सिनेमा बघायला हवा होता."

नातवाला काही कळेना, तेव्हा सांगणे भाग पडले.

माझे वडील पुण्यात वार लावून जेवून शिकले. नातवाला हा शब्दही ठाऊक नव्हता. आठवड्याच्या सात दिवसांना सात घरे धरायची, रोज एका घरी पानावर बसायचे. वडिलांना घरे सहाच मिळाली. मंगळवारचे मिळाले नाही, म्हणून त्यांनी गणपतीचा उपास धरला, तो जन्मभर चालला. सहांपैकी गुरुवारच्या घरी त्यांना जेवणाबरोबर पुस्तकेही मिळाली, परीक्षेची फी मिळाली. तिथल्या मुलांनी त्यांच्या ताटावरून थट्टा केली, तीही त्यांनी पोटात घातली. पुढे मुंबईला नोकरी लागली, गिरगावात बिऱ्हाड झाले, तरी दर दिवाळीला फराळाच्या आधी वडील पुण्याला जाऊन त्या गृहस्थांच्या पाया पडून येत.

ते गृहस्थ थकले तेव्हा त्यांची मुले आपापल्या मार्गाला लागली होती. वडिलांनी बिनपगारी रजा टाकली आणि दोन महिने पुण्यात राहून त्यांची सेवा केली. अंगाखालची चादर बदलण्यापासून सगळे. औषधांना पैसे लागले ते आमच्या अक्काच्या लग्नासाठी ठेवलेल्यांतून गेले. अक्काचे स्थळ ठरत आले होते, ते लोक थांबले नाहीत.

वडील परत आले त्या रात्री आई त्यांना एवढेच म्हणाली, "गुरुवारचं जेवण अजून किती वर्षं फेडायचं आहे?" मी अंथरुणात जागा होतो. वडील काही बोलले नाहीत. मला तेव्हा आईचा राग आला होता. आता इतक्या वर्षांनी, मागच्या खोलीत मोडक्या खुर्चीवर बसून, तो कुणाचा यायला हवा होता ते मला सांगता येईना.

"मग तुमच्या अक्काचं?" नातवाने विचारले.

"झालं की. तीन वर्षांनी झालं. त्या घरून कुणी आलं नाही. पत्रिका मात्र वडिलांनी पहिली तिथेच धाडली होती."

"आता उठा," सौ. म्हणाली, "मला ही खोली झाडायची आहे."