ताम्रपटाबरोबर कागदही जपा

पदके आणि सन्मानचिन्हे जमवणाऱ्या सर्व मित्रांना या अंकात एक कळकळीची विनंती आहे. तिच्यामागची हकीकत अशी.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानातली निजामाची राजवट संपली. ती संपवण्याच्या लढ्यात बीड जिल्ह्यातली साधी माणसे स्वयंसेवक म्हणून उतरली होती. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे ती उभी राहिली. कोणी सत्याग्रह करून तुरुंगात गेले, कोणी भूमिगत झाले, कोणी संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून रझाकारांशी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांशी, झुंजले. पुढे 1972 साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, देशभरातल्या स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले आणि सन्मानवेतन सुरू झाले.

तुरुंगात गेलेल्याची नोंद सरकारदरबारी असते, भूमिगताची अनेकदा नसते. त्याचा दावा सहकाऱ्यांच्या शिफारसपत्रांवर टिकतो. याच फटीतून खोटे दावेदार शिरले. बीडच्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायमूर्ती पालकर आयोगाने चौकशी केली आणि 2005 मध्ये निकाल लागला. यात सरकारी तिजोरीला फटका बसलाच, पण त्याहून मोठी हानी खऱ्या लढवय्यांची झाली. त्यांच्या घरच्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे. कागद हरवला की काय होते, याचे एक उदाहरण पाहा. पहिल्या महायुद्धात अल्बेनियाचे डोंगर ओलांडून माघार घेतलेल्या सर्बियन सैनिकांसाठी 1920 मध्ये स्मृतिपदक काढले गेले. त्यावर सैनिकाचे नाव नसते. प्रमाणपत्र हरवले की पदक कोणाचे होते हे कळायला मार्ग उरत नाही. आपल्या ताम्रपटावर नाव कोरलेले असते, तरी त्या नावामागचे गाव, कॅम्प आणि साथीदार कागदांतच सापडतात.

ताम्रपट हाती आला तर आधी तो ज्याचा आहे त्याच्या घरच्यांचा शोध घ्या. सन्मानपत्र, अर्जाच्या प्रती, शिफारसपत्रे, फोटो एकत्र ठेवा. वेगवेगळे विकू नका. कोणाकडून, कधी, कुठे मिळाला ते त्याच दिवशी लिहून ठेवा. चिंच-लिंबाने घासून तांबे चकचकीत करू नका. त्या घरात कोणी जाणते माणूस असेल तर त्याच्या आठवणी त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. आणि कागद नाही म्हणून कोणाला खोटे ठरवू नका, ताम्रपट आहे एवढ्यावरून खरेही मानू नका.

संग्रहातल्या प्रत्येक चिन्हाची अशी नोंद झाली, तर खऱ्या स्वयंसेवकांच्या पाठीशी पुरावा उभा राहील. हे काम सरकारवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.