विश्लेषण : षटकार इतका स्वस्त कसा झाला? दोष बॅटचा, मैदानाचा की नियमांचा?

२६ एप्रिल २०२४ रोजी ईडन गार्डन्सवर कोलकाता नाइट रायडर्सने २० षटकांत २६१ धावा केल्या आणि तरीही सामना गमावला. पंजाब किंग्जने २६२ धावांचे लक्ष्य ८ गडी आणि ८ चेंडू राखून गाठले. या एकाच सामन्यात ४२ षटकार मारले गेले. त्या रात्री रविचंद्रन अश्विनने समाजमाध्यमावर, गोलंदाजांना कोणीतरी वाचवा, अशी विनवणी केली. विजयी पंजाबचा कर्णधार सॅम करन स्वतः गोलंदाज. क्रिकेटचे आता बेसबॉल होत चालले आहे, असे तोही म्हणाला. अशा प्रत्येक सामन्यानंतर बोट दाखवले जाते ते जाडजूड बॅटकडे. पण घटनांचा क्रम तपासला तर बॅट ही या प्रकरणातील सहआरोपी ठरते. मुख्य आरोपी वेगळेच आहेत.

धावांचा पूर नेमका कधी आला?

एप्रिल २०१३ मध्ये ख्रिस गेलने पुणे वॉरियर्सविरुद्ध नाबाद १७५ धावा फटकावल्या आणि बंगळूरुने २६३ धावा केल्या. आयपीएलमधील हा सांघिक उच्चांक तब्बल ११ वर्षे टिकला. मग २७ मार्च २०२४ रोजी सनरायझर्स हैदराबादने मुंबई इंडियन्सविरुद्ध २७७ धावा केल्या आणि तीन आठवड्यांच्या आत, १५ एप्रिलला, बंगळूरुत २८७ धावांचा नवा उच्चांक केला. उत्तरादाखल बंगळूरुनेही २६२ धावा केल्या. त्यानंतर पाचच दिवसांनी दिल्लीत हैदराबादने पॉवरप्लेच्या सहा षटकांतच बिनबाद १२५ अशी मजल मारली.

आयपीएलच्या एका हंगामात हजार षटकारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला तो २०२२ मध्ये. त्या वर्षी साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले होते आणि हंगामात १,०६२ षटकार लागले. दोनच वर्षांत हा आकडा १,२६० च्या घरात गेला, तेही २०२४ मध्ये काही सामने पावसात वाहून गेलेले असताना.

बॅट किती बदलली?

बरीच बदलली. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १९०५ मध्ये बॅटची कड सरासरी १६ मिलिमीटर जाड असे. १९८० मध्ये ती १८ मिलिमीटर होती. म्हणजे ७५ वर्षांत वाढ अवघी दोन मिलिमीटरची. त्यानंतर मात्र व्यावसायिक क्रिकेटमध्ये ती ३५ ते ४० मिलिमीटरपर्यंत गेली.

यातील गंमत अशी की, कड दुप्पट झाली तरी बॅटचे वजन त्या प्रमाणात वाढले नाही. विलोचे लाकूड अधिक सुकवले आणि कमी दाबले की तेवढ्याच वजनात जास्त आकारमान मिळते. जाड कडांमुळे वस्तुमान पात्याच्या मध्यापासून दूर, दोन्ही बाजूंना पसरते. अशी बॅट हातात सहज पिळवटत नाही. चेंडू मधोमध न लागता थोडा बाजूला लागला तरी पाते फारसे वळत नाही आणि फटक्यातील ऊर्जा वाया जात नाही. मधोमध बसलेला फटका पूर्वीही सीमापार जात होताच. नव्या बॅटने खरी मदत केली ती चुकलेल्या फटक्याला. पूर्वी जो चेंडू लाँग-ऑनच्या हातात विसावत असे, तो आता त्याच्या डोक्यावरून जातो.

याला लगाम घालण्यासाठी १ ऑक्टोबर २०१७ पासून मर्यादा आली. बॅटची कड जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, पाठीचा फुगवटा धरून जाडी ६७ मिलिमीटर आणि रुंदी १०८ मिलिमीटर. २०२५ च्या आयपीएलमध्ये तर पंच भर मैदानात साच्यातून बॅट सरकवून पाहू लागले.

मग २०१७ नंतरही षटकार का वाढले?

हाच कळीचा प्रश्न आहे. बॅटचा आकार २०१७ मध्ये गोठला आणि धावांचा मोठा स्फोट त्यानंतर सहा-सात वर्षांनी झाला. त्याचे उत्तर जोखमीच्या किमतीत शोधावे लागते.

ट्वेन्टी-२० मध्ये १२० चेंडू आणि १० गडी असतात. म्हणजे दर १२ चेंडूंमागे एक गडी खर्च करणे संघाला परवडते. पन्नास षटकांच्या सामन्यात हाच हिशोब ३० चेंडूंना एक असा होतो. हे गणित फलंदाजांना पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते. मात्र सहाव्या-सातव्या क्रमांकानंतर शेपूट सुरू होई, त्यामुळे सलामीवीर हात आखडता घेत. २०२३ मध्ये आयपीएलने ‘इम्पॅक्ट प्लेयर’ आणला आणि ती भीती जवळपास संपवली. सामना सुरू असताना अकरातील एक खेळाडू बदलता येत असल्याने संघ एक जादा फलंदाज खेळवतो आणि गोलंदाजीच्या वेळी त्याच्या जागी गोलंदाज उतरवतो. आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी असेल तर पहिल्याच षटकात उंच फटका मारून बाद होण्यात फार मोठे नुकसान उरत नाही. त्यात नेटमध्ये केवळ षटकारांचाच सराव करणारी पिढी आली. २८ एप्रिल २०२५ रोजी जयपूरमध्ये १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने ३५ चेंडूंत शतक केले. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण तो ज्या नियमांत वाढतो आहे ते नियमच त्याला थांबायला सांगत नाहीत.

या नियमाची झळ अष्टपैलूंनाही बसते. मुंबईच्या शिवम दुबेसारख्या खेळाडूंना गोलंदाजीच मिळत नाही आणि भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने हे चांगले नाही, असे रोहित शर्माने एप्रिल २०२४ मध्येच जाहीरपणे सांगितले होते.

सीमारेषा दहा मीटर मागे नेली तर?

आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांनुसार पुरुषांच्या क्रिकेटमध्ये सीमारेषा किमान ५९.४३ मीटर आणि कमाल ८२.२९ मीटर अंतरावर असावी लागते. एवढी मोठी मुभा असताना दोरी बहुतेकदा आतच सरकवलेली दिसते. क्षेत्ररक्षकांच्या सुरक्षेसाठी थोडी जागा सोडावी लागते हे खरे, पण जाहिरातींच्या फलकांनाही जागा हवी असते.

६५ मीटरची सीमारेषा ७५ मीटरवर नेली तर काय होईल? हवेचा विरोध बाजूला ठेवला तर चेंडू किती दूर जाईल हे त्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे दहा मीटर जादा अंतरासाठी सुमारे १५ टक्के जास्त ऊर्जा आणि सात टक्के जास्त वेग लागेल. मधोमध बसलेला फटका तरीही पार जाईल. जेमतेम दोरीपलीकडे पडणारा, चुकलेला फटका मात्र झेल ठरेल. नेमका जो फटका महाग व्हायला हवा, तोच महाग होतो. शिवाय मैदानाचे क्षेत्रफळ जवळपास एक तृतीयांशाने वाढते. एवढी जागा तेवढ्याच क्षेत्ररक्षकांना सांभाळावी लागेल, त्यामुळे पळून काढलेल्या दोन आणि तीन धावा वाढतील. धावा होतील, पण त्या कष्टाने कमवाव्या लागतील.

सीमारेषा काही मीटर मागे घ्या, असे सुनील गावस्कर यांनीही २०२४ च्या हंगामात समालोचन करताना सुचवले होते. १९७५ च्या विश्वचषकात ६० षटके खेळून नाबाद ३६ धावा करणाऱ्या फलंदाजाने हे म्हणावे यावर हसणारे हसतील, पण मुद्दा बिनतोड आहे. अडचण एवढीच की, बंगळूरुच्या चिन्नास्वामीसारख्या स्टेडियममध्ये मुळात जागाच कमी आहे. त्यात शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू आणखी दूर जातो. तिथे गोलंदाजाला जे द्यायचे ते खेळपट्टीतूनच द्यावे लागेल.

गोलंदाजांना काहीच दिले नाही का?

दिले, पण हात राखून. आयपीएलने २०२४ पासून एका षटकात दोन उसळत्या चेंडूंची मुभा दिली. २०२५ मध्ये लाळेवरील बंदी उठवली. पांढऱ्या चेंडूवर तिचा उपयोग तसा मर्यादितच. त्याच वर्षी रात्रीच्या सामन्यांत दवामुळे ओला झालेला चेंडू दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकानंतर बदलण्याची सोय केली, हे अधिक कामाचे. एकदिवसीय सामन्यांत २०११ पासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळे नवे चेंडू वापरले जात होते. चेंडू जुना होईना आणि रिव्हर्स स्विंग जवळपास लुप्त झाला. सचिन तेंडुलकरने यावर २०१८ मध्येच कडक टीका केली होती. बदल झाला तो २०२५ च्या जुलैपासून : आता ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू ठेवून उरलेला डाव खेळला जातो.

सगळेच गोलंदाज हतबल आहेत?

नाही. २०२४ च्या त्याच आयपीएल हंगामात जसप्रीत बुमराने २० बळी घेतले, तेही षटकामागे साडेसहाच्या आत धावा देऊन. २४ कोटी ७५ लाखांना विकला गेलेला मिचेल स्टार्क अंतिम सामन्याचा मानकरी ठरला. चेपॉकवर झालेल्या त्या सामन्यात २८७ धावांचा उच्चांक करणारा हैदराबादचा संघ ११३ धावांत गारद झाला. खेळपट्टीने थोडी साथ दिली की काय होते, याचा याहून चांगला पुरावा नाही. दोनच आठवड्यांनी न्यू यॉर्कमध्ये विश्वचषकात भारत ११९ धावांत सर्वबाद झाला आणि तरीही पाकिस्तानला सहा धावांनी हरवले. तिथली खेळपट्टी दुसऱ्या टोकाची, धोकादायक उसळीची होती आणि तिचे समर्थन करता येणार नाही. पण शेवटच्या षटकापर्यंत कोणी टीव्हीसमोरून उठले नाही, हेही तितकेच खरे.

प्रश्न बुमरा किंवा स्टार्कचा नाही. फलंदाजी जेवढी सोपी होते तेवढा असा अस्सल गोलंदाज महाग विकला जातो. भरडला जातो तो त्यांच्याखालचा, चार षटकांत ५० धावा दिल्या म्हणून पुढच्या सामन्यात बाकावर बसणारा तरुण.

आता पुढे काय?

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२४-२५ पासून सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून ‘इम्पॅक्ट प्लेयर’ काढून टाकला. त्याच मंडळाने आयपीएलमध्ये मात्र तो २०२७ पर्यंत कायम ठेवला आहे. म्हणजे देशांतर्गत स्पर्धेत जे खेळाच्या हिताचे नाही असे ठरले, ते सर्वाधिक प्रेक्षक असलेल्या स्पर्धेत आणखी काही हंगाम चालणार आहे. सीमारेषा मागे घेण्यासाठी तर नियम बदलण्याचीही गरज नाही. जागा असलेल्या मैदानांवर सामन्याच्या आदल्या दिवशी दोरी उचलून मागे टाकायची, एवढेच काम आहे.