दहापैकी दहा

गेल्या आठवड्यात पुण्याहून मावसभावाचा फोन आला. त्याला ऑकलंडमध्ये नोकरी मिळाली आहे, मुलगी यंदा नववीत. मला वाटलं पगार, भाडी, थंडी असं काहीतरी विचारेल. पण पहिलाच प्रश्न, "दादा, तिकडची एक नंबरची शाळा कोणती रे?"

मला हसू आलं, कारण २००६ साली इथे उतरल्यावर मीही हापिसात हेच विचारलं होतं. तेव्हा सगळ्यांचं एकच उत्तर होतं, "डेसाइल बघ." न्यूझीलंडमधल्या प्रत्येक शाळेला तेव्हा एक ते दहापैकी एक आकडा असे, तो हा डेसाइल. घरांच्या जाहिरातीतसुद्धा तो छापलेला असायचा. आपलं सगळं आयुष्य गुणपत्रिकेत गेलेलं. दहा म्हणजे दहापैकी दहा, आणि तीन म्हणजे नापास, इतकं साधं गणित मी करून टाकलं. दहा आकड्याच्या वस्तीतलं भाडं परवडेना, म्हणून तीन आकड्याच्या वस्तीत घर घेतलं आणि आईला फोनवर शाळेचा आकडा सांगायचं शिताफीने टाळलं!

गंमत म्हणजे तो आकडा शाळेचा नव्हताच. तो पालकांचा होता. शाळेत येणारी मुलं ज्या गल्लीबोळांत राहतात, तिथल्या घरांचं उत्पन्न किती, आईबाप काय काम करतात, किती शिकलेत, एका खोलीत किती माणसं झोपतात, सरकारी मदत किती जण घेतात, हे जनगणनेतून काढून डेसाइल ठरायचा. १९९५ पासूनची ही पद्धत. हेतू चांगला होता, गरीब वस्तीतल्या शाळेला जास्त पैसे मिळावेत. पण लोकांनी, आणि त्यात मीही आलो, त्याची गुणपत्रिका केली. कमी आकड्याच्या शाळांतून गोऱ्यांची मुलं निघून गेली, आणि मागोमाग आपणही "वस्ती बरी नाही हो" म्हणू लागलो. वस्ती बरी नाही म्हणजे काय, तर तिथे माओरी, सामोअन, टोंगन मुलं जास्त. मुंबईत मराठी माणसाला घर नाकारलं की आपण केवढे चिडतो. इथे मात्र तेच वाक्य आपल्या तोंडात किती सहज बसतं!

आमच्या शेजारी एक सामोअन कुटुंब होतं. त्यांचा मोठा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात. आईबाप दोघंही पाळीवर. सकाळी धाकट्या तीन भावंडांना शाळेत सोडून मग हा स्वतःच्या शाळेत, बहुतेक वेळा उशिरा. माझ्या मुलीला गणित अडलं, तर बाप इंजिनिअर घरात. शिक्षक तेच, फळा तोच, परीक्षा तीच. निकाल लागला तेव्हा तिला एक्सलन्स आणि त्याला जेमतेम अचीव्ह्ड. आता सांगा, यात शाळेचं कर्तृत्व किती आणि शाळेचा दोष किती? खरं म्हणजे त्या दिवशी जास्त मार्क त्याला मिळायला हवे होते.

हे नुसतं माझ्या शेजारापुरतं नाही. २०१९ मध्ये न्यूझीलंड इनिशिएटिव्ह या संस्थेने लाखो विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. घरची परिस्थिती हिशेबातून वेगळी काढली, तेव्हा वरच्या आणि खालच्या डेसाइलमधली दरी जवळजवळ मिटली. बहुतेक शाळा सारख्याच निघाल्या. म्हणजे निकालांच्या यादीत आपण शाळांचे क्रमांक वाचतो, असं आपल्याला वाटतं. वाचत असतो आपण घरांचे क्रमांक.

शेवटी २०२३ पासून सरकारने डेसाइल मोडीत काढला. आता इक्विटी इंडेक्स आहे. वस्तीऐवजी प्रत्यक्ष शाळेत असलेल्या मुलांची परिस्थिती सदतीस बाबींवरून मोजतात, आणि आकडा ३४४ ते ५६९ च्या दरम्यान येतो. जितका मोठा आकडा, तितक्या मुलांच्या अडचणी जास्त. निदान दहापैकी दहा म्हणायची सोय राहिली नाही. पण सवय कुठे जाते? ऑकलंड ग्रामर ही सरकारी शाळा, पण तिच्या हद्दीत घर घ्यायचं तर त्या हद्दीचेच जादा पैसे मोजावे लागतात. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी याच शाळेचा. तो लांबच्या टुआकाऊ गावातून रोज आगगाडीने यायचा. आजच्या नियमाने तो झोनबाहेरचा, त्याला चिठ्ठीत नाव निघण्याची वाट बघावी लागली असती!

शाळाशाळांत काहीच फरक नसतो, असं मी म्हणत नाही. रँगिटोटो कॉलेजसारख्या तीन हजारांवर मुलांच्या शाळेत जितके विषय घेता येतात, तितके लहान शाळेत मिळत नाहीत. चांगला शिक्षक मिळणं हे तर नशीबच. पण हे आकड्यात दिसत नाही. ते शाळेत जाऊन, विचारून कळतं.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? अकरावीला पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली प्रवेश नाही, म्हणून कॉलेज चांगलं. बारावीला तीच मुलं नव्वद टक्के मिळवतात, आणि फ्लेक्स कॉलेजचा लागतो. गाळणीला आपण स्वयंपाकी समजतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ऊसतोड कामगाराच्या पोराला वाचायला शिकवणाऱ्या बाईंचा फ्लेक्स मी तरी पाहिलेला नाही.

असो. मावसभावाला मी सांगितलं, माउंट रॉस्किल बघ. १९५३ पासूनची मोठी ग्रामर स्कूल आहे, डेसाइल होता तेव्हा मधल्या आकड्यांतली. आपली मुलंही भरपूर आहेत, सँडरिंगहमची भारतीय दुकानं जवळ. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण दादा, निकाल कसा आहे?"

मी म्हटलं, "अरे, तुझी मुलगी गेली की सुधारेल."

त्याला तो विनोद वाटला.